जन्माला घातलेलं जनावर

बांधावर बसलेलं जनावर पाहून चैतालीनं स्कूटी थांबवली. आरोग्य उपकेंद्राला कुलूप लावून ती घरी निघाली होती. मागं चार वर्षांची श्रावस्ती तिच्या कमरेला मिठी मारून बसलेली. दिवस मावळतीला आला होता, माळावरचं गवत तांबूस पडलं होतं, आणि त्यांच्याच रानाच्या बांधावर, बाभळीखाली, ते पुढचे पाय टेकून बसलं होतं.

कुत्रं असतं तर माणूस थांबल्यावर काहीतरी केलं असतं. भुंकलं असतं, शेपूट हलवलं असतं, नाहीतर उठून बाजूला झालं असतं. यानं काहीच केलं नाही. नुसतं बघत राहिलं.

"आई, भूभू," श्रावस्ती म्हणाली.

या माळावर नांदणाऱ्या बाईला लांडगा काही नवा नव्हता. माणसाची चाहूल लागली की लांडगा तिरका पळतो आणि टेकाडावर जाऊन मागं वळून बघतो. हे पळालं नाही. उठून उभं राहिलं तेव्हा त्याची उंची कळली. लांब लांब पाय, पिवळट डोळे, मानेभोवती दाट केस. आणि डावा कान मात्र गावठी कुत्र्यासारखा मधोमध दुमडलेला.

तो कान चैतालीनं ओळखला. त्या कानाचं पिल्लू तिनं मांडीवर घेतलं होतं. ते मेलं होतं. निदान नागसेननं तिला तसं सांगितलं होतं.

तिनं गाडी सुरू केली ती थेट दाराशी नेऊन उभी केली.

नागसेन, तिचा नवरा, भूमच्या एका महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवायचा. हुशार माणूस. गावातला पहिला पीएच.डी. घर गावाबाहेर, रानात बांधलेलं, कारण त्याला माळ जवळ हवा होता. दरसाल या माळावर तेच चालायचं. लांडगे शेळ्या न्यायचे, चिडलेली माणसं मेलेल्या शेळीत विष घालून ठेवायची, लांडगे मरायचे, त्यांच्या मागं कोल्हे, गिधाडं, गावची कुत्रीसुद्धा. नागसेनला ते बघवत नसे. यावर एकच उपाय आहे, असं त्याच्या मनानं घेतलं.

"लांडग्याची ताकद आणि कुत्र्याचं इमान एका अंगात आलं ना चैताली, तर ते राखील त्या कळपाकडं लांडगा बघायचासुद्धा न्हाय. विष नको, गोळी नको. कुणीच मरायला नको."

खाणीवरच्या जेसीबीनं लांडग्याची वीण असलेली कपार फोडली तेव्हा त्यात एक नर पिल्लू जिवंत सापडलं. वनखात्याला कळवायला हवं होतं. त्यानं ते घरी आणलं, मागच्या पत्र्याच्या शेडात वाढवलं आणि मोठं झाल्यावर एक धनगरी कुत्री आणून त्याच्याशी जोडी लावली. नर पुढं जाळी उचकटून माळावर निघून गेला. कुत्री व्याली. तीन पिल्लं दोन दिवसांत गेली, एक जगलं.

त्या सकाळी नागसेन शेडातून धावत आला होता. डोळ्यांत पाणी. "जगलं गं! हे जगणार!" चैतालीलाही नवऱ्याचा अभिमान वाटला होता. कुत्री त्या पिल्लाला अंगावर घेईना, म्हणून तिनंच बाटलीनं दूध पाजलं. ती कुणाला बोलली नाही. नागसेन म्हणाला, आत्ताच कुणाला सांगायचं नाही.

पण पिल्लानं डोळे उघडले आणि नागसेन बदलला. ते केकाटत नसे. तो शेडात जाई तेव्हा ते त्याच्याकडं टक लावून बघे आणि तो जिकडं सरकेल तिकडं सरके. मोठं होत गेलं तसं त्याचं बघणंही मोठं होत गेलं. हळूहळू नागसेन आत जायचा बंद झाला. जाळीवरून मटण फेकायचा आणि मागं न बघता परत यायचा. चैतालीला आणि पोरीला तर त्यानं शेडाकडं फिरकायची बंदीच घातली. मग एक दिवस तो म्हणाला, "मेलं. पुरून टाकलं." चेहरा असा सुटल्यासारखा होता, की तिनं पुढं विचारलं नाही.

आज तिनं विचारलं.

"ते मेलं न्हाय. बांधावर बसलंय."

नागसेन चहा पीत होता. कप बशीत ठेवताना तो वाजला.

"कोण?"

"तुम्हाला माहितीय कोण."

तो उठला, मागचं दार लावलं, पुढचं लावलं, खिडक्या लावल्या. आत कोंडलेल्या उन्हाचा उबट वास भरला. मग खाली बघत म्हणाला, "मारायला हात धजला न्हाय. पिकअपमध्ये घालून शंभर किलोमीटरवर, उमरग्याच्या पुढं नेलं. हायवेच्या कडंला सोडलं."

"उमरग्याच्या पुढनं चालत आलं?"

उत्तर बाहेर बांधावर बसलं होतं.

त्या दिवसापासून घराला भीतीचा वेढा पडला. सकाळी उठलं की अंगणातल्या फुफाट्यात ठसे दिसायचे. दाराशी आलेले, खिडकीशी थांबलेले, घराला पूर्ण फेरी मारून पुन्हा दाराशी आलेले. कोंबड्यांना त्यानं तोंड लावलं नाही. एका सकाळी उंबऱ्यावर मेलेला ससा होता. कुठंही फाडलेला नाही, नीट आडवा ठेवलेला. नागसेननं तो फावड्यानं उचलला. फावड्यावरून ससा दोनदा खाली पडला.

"कशाला आणलं असंल त्यानं?" चैतालीनं विचारलं.

"मला कसं माहीत असणार?"

"तुम्ही केलंय ना त्याला."

तिला ससा पाहून जेवढी भीती वाटली, तेवढी ठशांची वाटली नव्हती. त्याला या घराकडून काहीतरी हवं होतं. आणि जे हवंय ते मिळालं नाही तर ते काय करेल, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. श्रावस्तीला तिनं अंगणात सोडणं बंद केलं. पोरगी खिडकीच्या गजांना धरून "भूभू, ये ये" म्हणायची, आणि चैताली तिला ओढून आत घ्यायची.

त्यांच्या रानाच्या पलीकडं सिदू धनगराचा वाडा होता. काटेरी कुंपणाच्या आत शेळ्या-मेंढ्या, बाजूला पत्र्याची खोली. सिदू आणि त्याची बायको सिताबाई, दोघंच. आणि सरदार नावाचा त्यांचा कुत्रा. सरदार म्हातारा झाला होता, तरी त्याच्या आवाजानं माळ दणाणायचा.

एका पहाटे तो दणाणला आणि नंतर बाईमाणसाची किंकाळी आली. उजाडता उजाडता सिदू सिताबाईला मोटारसायकलवर घालून चैतालीच्या दारात आला. सिताबाईच्या उजव्या हाताला पदर गुंडाळलेला, पदर रक्तानं चिंब.

चैतालीनं तिला नळाखाली बसवलं आणि साबण लावून जखम धूत राहिली. सिताबाई दातांवर दात रोवून बसली होती.

"काय होतं, मामी?"

"कुत्रं व्हतं, शिस्टर. म्या काठी घिऊन धावले, तर फिरलं माज्यावर. अंधार व्हता, पर कान दिसला. दुमडल्याला."

चैतालीचा हात नळावर थांबला. तिनं दाराकडं पाहिलं. नागसेन दारात उभा होता. त्यानं ऐकलं होतं.

"शेळ्या?" तिनं विचारलं.

"पाच गेल्या," सिदू म्हणाला. "खाल्ली एक बी न्हाय. शेळ्या बिथरल्या, तसं त्ये बी बिथरलं आसंल. नुसती नरडी फोडली."

"मामी, आत्ताच्या आत्ता भूमला दवाखान्यात जा. लस घ्यायची, जखमेत इंजेक्शन घ्यायचं. एकही चुकवायचं न्हाय. पुढच्या लसींना मी सोबत येते."

ती दोघं गेली. चैताली आत आली, पण नागसेन तिच्या नजरेसमोर थांबला नाही. अंघोळीला निघून गेला.

दुपारी गावात गलका झाला, तेव्हा ती उपकेंद्रात होती. बाहेर आली. चावडीपुढं माणसं जमली होती. मधे सरदार साखळीला बांधलेला. त्याच्या तोंडाला वाळलेलं रक्त होतं, खांदा फाटला होता, आणि त्याचे दोन्ही कान, म्हाताऱ्या गावठी कुत्र्याचे असतात तसे, दुमडलेले होते.

"पिसाळलंय," बलभीम सांगत होता. गावातलं कुठलंही काम अंगावर घेणारा माणूस. "तोंड बघा त्याचं. स्वत:च्याच कळपावर पडलंय, धनिणीला चावलंय. आज शेळी फाडली, उद्या लेकरू फाडंल."

"त्यो झुंजला आसंल कुणासंगं," सिदू म्हणाला. पण त्याचा आवाज खाली गेला होता. बायकोनंच दुमडलेला कान पाहिला होता. त्याला स्वत:च्या बोलण्याचा भरवसा राहिला नव्हता.

"नागसेन सर हाईत की! सरांना इचारा," कुणीतरी म्हणालं. "सर, पिसाळलंय का ह्ये?"

सगळे वळले. नागसेन कडेला उभा होता. चैतालीनं त्याच्याकडं पाहिलं आणि मनातल्या मनात म्हणाली, बोला. आता बोला. एक वाक्य तर बोलायचंय.

नागसेननं घसा साफ केला. "असं नुसतं बघून सांगता येत न्हाय," तो म्हणाला. "पण... धोका पत्करू नये."

सरदार साखळीला ताण न देता उभा होता. सिदूकडं बघत होता. बलभीमनं कुऱ्हाडीचा दांडा उचलला, तेव्हा सिदू पुढं झाला आणि त्यानं तो दांडा त्याच्या हातातून काढून घेतला.

"दुसऱ्या कुनी हात लावायचा न्हाय. माजं हाय त्ये. म्याच करनार."

चैतालीनं तोंड फिरवलं. आवाज ऐकू आले तेवढे पुरे झाले. मग सिदूचं रडणं आलं, गुरासारखं, तोंड न मिटता. तिच्याही जिभेवर शब्द होते आणि ती बोलली नव्हती, हे तिला घरी पोचल्यावर कळलं. नवऱ्याचं तोंड बघत राहिली होती, दुसरं काय.

"आता चला आणि सांगा त्यांना," ती म्हणाली.

"काय सांगू? लांडगा घरात ठेवला म्हणून? तुरुंग आहे त्याला, चैताली. नोकरी जाईल. पोरीचं काय?"

"सिदूमामानं हातानं मारला त्याला."

"कुत्रा म्हातारा होता."

ती त्याच्याकडं बघत राहिली. लांडगे मेले म्हणून याच माणसानं दुःखानं जेवण सोडलं होतं. तिला पहिल्यांदाच नागसेनची भीती वाटली, आणि ती भीती बाहेरच्या भीतीपेक्षा जवळची होती, अंथरुणातली होती.

दुसऱ्या दिवशी कॉलेजला सुट्टी, अंगणवाडीला सुट्टी. ऊन उतरल्यावर नागसेन म्हणाला, अंधार पडायच्या आत टाकीत पाणी भरून घेऊ. तो मोटार चालू करायला आत, चैताली पाइप घेऊन अंगणात, हट्ट करून बाहेर आलेली पोरगी तिला चिकटून, आणि क्षणभर, फक्त नळी टाकीत सोडण्यापुरतं, तिचं श्रावस्तीवरचं लक्ष सुटलं.

ती वळली तेव्हा ते अंगणात होतं.

शेडाच्या बाजूनं आलं असावं. पोरगी आणि ते यांच्यात चार हातांचं अंतर. खांद्यावर सरदारनं केलेली जखम, भोवती माश्या. फासळ्या मोजता येतील इतकं वाळलेलं. श्रावस्ती त्याच्याकडं हात करून हसत होती.

चैतालीनं पाइप टाकला आणि पोरीला उचलून छातीशी घेतलं. दाराकडं धावायचं तर मधे ते. दारात नागसेन आला होता. त्यानं पाहिलं. जनावरानंही त्याला पाहिलं, आणि त्याचं सगळं अंग त्याच्याकडं वळलं.

"अहो," चैताली म्हणाली.

नागसेननं दार लावलं.

आतली कडी पडली. वरची पडली, मग खालचीही. चैतालीला कितीतरी वेळ काय झालं हेच कळेना. दार बंद होतं. दाराच्या आत तिचा नवरा होता, आणि बाहेर ती, तिची पोरगी आणि ते.

ते तिच्या बाजूनं गेलं. इतक्या जवळून, की त्याच्या जखमेचा सडका वास आला. गुडघ्याला केस घासून गेले. तिनं डोळे मिटले, पोरीचं डोकं खांद्यात दाबलं आणि वाट बघितली.

काही झालं नाही. डोळे उघडले तर ते दाराशी होतं. फटीला नाक लावून हुंगत होतं. मग पंजानं दार खरवडू लागलं. हळू, न थांबता. आणि त्याच्या घशातून एक आवाज यायला लागला. ना कुत्र्याचा, ना लांडग्याचा. चैतालीनं कितीतरी बाळंतपणं केली होती. आई शुद्धीवर नसताना बाजूला ठेवलेलं लेकरू रडतं, तसला तो आवाज होता.

आतून नागसेन ओरडत होता, "हाकल त्याला! चैताली, हाकल!"

ती मागं मागं सरकत फाटकापर्यंत गेली. स्कूटीची चावी आत होती. पोरीला कडेवर घेऊन ती पायीच निघाली, ढेकळांतून, सिदूच्या वाड्याकडं. मागं वळून बघायची हिंमत नव्हती, आणि ते मागं येत नाही हे तिला ठाऊकही होतं. त्याला ती नको होती.

सिदू खोलीपुढं बसला होता. सिताबाई पट्टी बांधलेला हात मांडीवर घेऊन. चैतालीनं उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. कपारीतलं पिल्लू, शेड, बाटलीचं दूध, उमरगा, दुमडलेला कान. काही लपवलं नाही. स्वत:चं गप्प बसणंही नाही.

सिदूनं वाड्याच्या कुंपणाकडं पाहिलं. मग म्हणाला, "म्हंजी सरदारनं राखन केली व्हती."

"व्हय, मामा."

"आन् म्या त्येला..."

सिताबाईनं डाव्या हातानं श्रावस्तीला ओढून जवळ घेतलं आणि चैतालीला म्हणाली, "बस खाली. पडशीला."

चैतालीनं तिथूनच वनखात्याला फोन लावला.

दुसऱ्या दिवशी गाडी आली, पिंजरा आला, डॉक्टर आले. बलभीम दोन पोरं आणि विषाचं मटण घेऊन तयारच होता. वनखात्याच्या बाईंनी त्याला चांगलंच दटावून मागं सारलं. पिंजऱ्यात कोंबडी बांधली. ते आलं, बांधावर बसलं, कोंबडीकडं ढुंकूनही बघितलं नाही. बंदुकीनं इंजेक्शन मारायच्या टप्प्यात ते येईना. माणसं दिसली की गवतात नाहीसं व्हायचं आणि पुन्हा दुसरीकडं, पण घराकडं तोंड करूनच बसायचं.

"सर, तुमच्याकडं येईल ते?" बाईंनी विचारलं.

नागसेनचा जबाब घेऊन झाला होता. तो ओट्यावर बसला होता, रात्रीत दहा वर्षांनी म्हातारा झाल्यासारखा. चैताली लांब, सिताबाईजवळ उभी होती. त्यानं तिच्याकडं पाहिलं, तिनं नजर दिली नाही.

"माझ्यानं व्हायचं न्हाय," तो म्हणाला.

तेव्हा सिदू पुढं आला. हातात काठी. बलभीमला वाटलं मारतोय आता. सिदू म्हणाला, "सर, उठा. म्या पिंजऱ्याभाईर बसतो काठी घिऊन. तुमाला काय झालं तर म्या हाय. माफ केलं न्हाय तुमाला, ह्ये ध्यानात ठिवा. पर त्ये तुमच्याबिगर यायचं न्हाय, आन् ह्या पोरांनी विष घातलं तर माळ मरंल."

नागसेन उठला. चालताना दोनदा थांबला. वाकून पिंजऱ्यात शिरला आणि पलीकडच्या जाळीला पाठ लावून बसला. सिदू सोडून बाकीची माणसं गाडीमागं गेली. माळावर नुसता वारा.

ते उठलं. गवतातून सरळ आलं, लपलं नाही. पिंजऱ्याच्या तोंडाशी थांबलं, सिदूकडं एकदा बघितलं आणि आत गेलं. नागसेनच्या पॅन्टवर ओल पसरली. त्यानं डोळे घट्ट मिटले, पण तो जागेवरून हलला नाही. जनावरानं त्याचे पाय हुंगले, हात हुंगले, तोंड हुंगलं. मग तिथंच, त्याच्या पावलांवर डोकं ठेवून आडवं झालं.

पिंजऱ्याचं दार पडलं. डॉक्टरांनी जाळीतून इंजेक्शन मारलं तेव्हा ते एकदाच दचकलं आणि त्याच्या अंगाला अधिकच चिकटलं. औषध भिनेपर्यंत दोघं तसेच आत होते. शेवटी शेवटी नागसेनचा हात उचलला गेला, हवेत राहिला, आणि मग त्याच्या मानेवर टेकला.

त्या जनावराला जखमी प्राण्यांच्या केंद्रात नेलं. ते पिसाळलेलं नाही, हे पुढं नक्की झालं, तरी सिताबाईनं सगळ्या लसी घेतल्या. प्रत्येक खेपेला चैताली सोबत गेली. नागसेनवर खटला उभा राहिला, महाविद्यालयानं त्याला घरी बसवलं. सिदूनं नवं कुत्रं आणलं नाही. चैतालीनं बदली मागून घेतली आणि श्रावस्तीला घेऊन लोहाऱ्याला मालनबाईंकडं, म्हणजे सासूकडंच गेली. मालनबाईंनी सगळं ऐकलं. लेकाची बाजू घेतली नाही. "तू इथं ऱ्हा. त्यो काय करतोय त्ये बघू," एवढंच म्हणाल्या.

लोहाऱ्यातही चैताली झोपेतून दचकून उठायची. स्वप्नात दात नसत, डोळे नसत. लाकडावर लोखंड आपटल्याचा आवाज असे, आणि ती बाहेर असे.

पावसाळा सरता सरता नागसेनचा फोन आला. केंद्रात ते धड खात नव्हतं, म्हणून नागसेनला बोलावलं होतं. आधी एकदा गेला, मग दर आठवड्याला एसटीनं जाऊ लागला.

"आज खाल्लं," तो म्हणाला. "हातातनं."

"भीती वाटली?" चैतालीनं विचारलं.

"लई. अजून वाटते. हात कापत होता." तो थांबला. "मागं न्हाय घेतला."

बाहेर मालनबाई पोरीची वेणी घालत होत्या. चैताली जरा वेळ फोन कानाशी धरून उभी राहिली. मग तिनं श्रावस्तीला हाक मारली आणि तिच्या हातात फोन दिला.